वेगळं पातेलं

रविवारी सकाळी साडेदहाला खारूने आत्याच्या दाराची बेल वाजवली तेव्हा तिच्या हातात फक्त फुलं होती. डबा नव्हता. सहा वर्षांत घरातल्या एकाही जेवणाला ती डब्याशिवाय गेली नव्हती. रिकाम्या हाताने जिना चढताना तिला सारखं वाटत होतं की आपलं काहीतरी बसमध्ये राहिलं.

डबा आणायचा नाही, हा आत्याचा हुकूम होता. "माझा ऐंशीवा वाढदिवस आहे, तुझी सहल नाही," ती फोनवर म्हणाली होती. "तुझ्यासाठी वेगळं पातेलं ठेवते. दूध नाही, लोणी नाही, साय नाही. कळलंय मला. मी काय बहिरी आहे?"

हे ऐकून खारूला आपल्या चष्म्याच्या दुकानात, समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना, रडू फुटायची वेळ आली होती. कारण या घरात असं कोणी म्हटलं नव्हतं. आजोबांनी सायकलला दोन कॅन बांधून दूध घालायला सुरुवात केली, वडिलांनी दुकान थाटलं, वडील गेल्यावर आत्याने बेचाळीस वर्षं गल्ल्यामागे उभं राहून लोणी तोललं आणि खारू आणि तिचे दोन भाऊ ही तीन बिनआईची पोरं वाढवली. तिसरी पिढी दादाची. अशा घरातल्या मुलीने दूध सोडावं म्हणजे सोनाराच्या मुलीने सोन्याला पितळ म्हणण्यासारखं.

खारूने कोणाला काही म्हटलं नव्हतं. दादाबरोबर ती एकदा दूध आणायला गोठ्यावर गेली होती. आईपासून वेगळं बांधलेलं एक वासरू तिच्याकडे बघत होतं. बस्स, एवढंच. त्या दिवसापासून घोट उतरेना. पण घरच्यांना वाटलं, ही आपल्याला पाण्यात पाहते. मधल्या भावाने "आली गवत खाणारी" असं म्हणायला सुरुवात केली. लहानपणी दाणे लपवून ठेवायची म्हणून पडलेलं खारू हे नाव त्याला आता फारच चपखल वाटायला लागलं. खारूही हळूहळू युक्त्या शिकली. घरून खाऊन निघायचं. टेबलाच्या टोकाला बसायचं. कोणी फार आग्रह केला तर पोट बिघडलंय म्हणायचं. दादाच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी तिने खांबाआड उभं राहून डबा संपवला होता, आणि एका पाहुण्या बाईंनी जवळ येऊन हळूच विचारलं होतं, "काय आजार आहे हो?"

आणि आता आत्या स्वतः तिच्यासाठी पातेलं ठेवणार होती.

दार उघडलं. आत्याने फुलं घेतली, हुंगली, आणि खारूच्या दोन्ही हातांकडे नीट बघून घेतलं. "शहाणी," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात तीन पातेली होती. सगळ्यांचं भोपळ्याचं सूप मोठ्यात, भाज्या दुसऱ्यात, आणि कडेच्या शेगडीवर एक छोटं, झाकलेलं. त्या शेगडीच्या वर भिंतीला एक कागद चिकटवला होता. आत्याच्या गोल गोल अक्षरात त्यावर लिहिलं होतं: 'छोटं पातेलं खारूचं. लोणी नाही. दूध नाही. साय नाही. तेल.' 'नाही'च्या खाली प्रत्येक वेळी दोन-दोन रेघा.

खारूने तो दोनदा वाचला. कागद कशासाठी आहे ते तिला एकटीलाच माहीत होतं.

दोन महिन्यांपूर्वी आत्याने तिला बसथांब्यावरून फोन केला होता. "खारू, मी घरी कुठल्या बसने जाते गं?" विचारताना ती हसली होती, पण ते हसणं ओळखीचं नव्हतं. खारू दुकान बंद करून धावली. बाकावर बसून आत्याने तिचं मनगट घट्ट धरलं. "दादाला सांगायचं नाही. मधल्याला तर नाहीच, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही." खारूने शब्द दिला. तिच्या दुकानात अशी माणसं यायची. डोळे गेलेत हे कळू नये म्हणून अक्षरांचा तक्ता पाठ करून यायची आणि धडाधड म्हणून दाखवायची. खारूला ती लगेच कळायची. आत्याही गेले काही महिने तशीच पाठ केलेलं म्हणून दाखवत होती. वाढदिवसानंतर डॉक्टरकडे जायचं तिने कबूल केलं होतं.

वाढदिवसाआधी नाही, कारण आज परीक्षा होती. तसं कोणी तोंडाने म्हटलं नव्हतं. पण आत्याने एकटीने दुकानावरच्या या दोन खोल्यांत राहू नये, आपल्या घरी यावं, असं दादा वर्षभर म्हणत होता. आत्या म्हणत होती, मला काय धाड भरलीय? आज पाच माणसांचं जेवण तिने एकटीने निभावलं असतं, तर पुढचं वर्षभर दादाला विषय काढता आला नसता.

बाराला सगळे आले. दादा दुकान नोकरांवर सोपवून खालून वर आला, अंगाला सायीचा वास घेऊन. वहिनी हॉस्पिटलातली रात्रपाळी संपवून थेट आली होती. तिचे डोळे तांबारलेले होते, पण नर्स असल्यामुळे तिला थकूनही सगळं दिसायचं. मधला मोटार चालवायला शिकवायचा, त्यामुळे तो कुठेही बसला तरी त्याचा उजवा पाय ब्रेकवर असल्यासारखा ताणलेला असायचा.

"डबा कुठाय?" बसल्या बसल्या त्याने खारूला विचारलं.

"आज नाही आणला. आत्याने केलंय."

"काय सांगतेस! आत्या, पक्षांतर केलंस?"

"तू जेव," आत्या म्हणाली. गाल लाल झाले होते तिचे, स्वयंपाकाच्या धगीने आणि आनंदाने. ती एकेकाला वाढत होती, कोणाला मदतीला उठू देत नव्हती. मोठ्या पातेल्यातलं सूप चौघांना. मग ती आत गेली आणि छोटं पातेलं दोन्ही हातांत धरून घेऊन आली, बक्षिसाचा पेला आणावा तसं. खारूच्या वाडग्यात ओतलं.

"हे घे. तुझं."

सगळे बघत होते. मधला तर कोपरं टेकून, हनुवटी तळहातांवर ठेवून. "खा, खा. दुधाने तोंड पोळलं की माणूस सूपही फुंकून पितं."

खारूने चमचा तोंडात घातला.

तिला जिभेवर पडताक्षणी कळलं. लोण्याच्या दुकानावर वाढलेली मुलगी ती. नुसतं लोणी आहे एवढंच नाही, तर आपल्याच दुकानातलं आहे, किंचित खारट, हेही कळलं. चांगलं चमचाभर घातलं होतं. घोट गिळून झाला होता.

त्या वेळी ती गप्प बसू शकली असती. नंतर कित्येक महिने ती हाच हिशेब करत राहिली: पाव तोडायचा, वाडगं हळूच सरकवायचं, पोट बिघडलंय म्हणायचं. सहा वर्षं जे केलं तेच आणखी एकदा. पण समोर मधला दात काढून बसला होता, आणि सहा वर्षांच्या टोमण्यांची वाफ एकदम वर आली. तिने चमचा टेबलावर आपटला.

"आत्या, यात लोणी आहे."

आवाज तिचा तिलाच ऐकू आला. त्यात दुःख नव्हतं. चोर पकडल्याची ऐट होती त्यात. बघा, मी म्हणत नव्हते, तुम्ही कोणी मला कधी खरं मानलंच नाहीत.

आत्या जागच्या जागी थांबली. तिने खारूकडे बघितलं, मग वाडग्याकडे, मग हातातल्या पातेल्याकडे. तिचा चेहरा पुसलेल्या पाटीसारखा झाला. तेव्हा कुठे खारूच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आत्या विसरते, हे या टेबलाशी बसलेल्या ज्या एका माणसाला माहीत होतं, तेच माणूस ते विसरलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"म्हणजे..." खारू म्हणाली. "बहुतेक मलाच..."

"आहे," आत्या म्हणाली. तिने पातेलं खाली ठेवलं आणि पाठ ताठ केली. "लोणी आहे. मीच घातलंय. मुद्दाम."



"सहा वर्षं बघतेय. ज्या लोण्यावर तुझी शाळा झाली, तुझा चष्म्याचा कोर्स झाला, ते तुझ्या घशाखाली उतरत नाही? म्हटलं, बघू तर खरं, मरते का. मेलीस? नाही ना?"

मधल्याने टाळी वाजवली. "शाब्बास आत्या! ऐंशीव्या वर्षी शतक!"

"गप्प बस," दादा म्हणाला. खारूला वाटलं तो तिलाच म्हणतोय. पण तो आत्याकडे बघत होता, आणि संतापाने त्याच्या मानेवरची शीर उभी राहिली होती. "आत्या, हे बरोबर नाही केलंस. मला तिचं ते खाणं-बिणं पटत नाही, साफ पटत नाही. पण तू तिला डबा आणू नको म्हणालीस. ती तुझ्या भरवशावर आली. जेवायला बोलावून माणसाला फसवायचं? दुकानात कधी पाण्याचा थेंब मिसळू दिला नाहीस तू."

सहा वर्षांत दादा पहिल्यांदा तिच्या बाजूने बोलत होता. खारूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

तिथे सगळ्यात आधी तिने भिंतीवरचा कागद काढला, घडी केली आणि खिशात कोंबला. कोणाला दिसला असता तर मुद्दाम घातल्याची गोष्ट तिथेच कोसळली असती. मग तिने नळ सोडून चूळ भरली. चूळ भरली तरी चव जाईना. आणि खरी लाज पुढेच होती: ती चव तिला आवडली होती.

मागून हात आला आणि शेगडीचं बटण फिरवलं गेलं. वहिनी. चहाची किटली कोरडी ठणठणीत होती आणि खाली आच मोठी. किती वेळ, कोणास ठाऊक.

"मुद्दाम घातलं म्हणतात आत्या," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "तुला काय वाटतं?"

"मुद्दामच असेल."

"ही किटलीपण मुद्दाम?"

खारूने ओलं तोंड पुसलं.

"हे बघ, मी नवऱ्याला काही सांगायला जाणार नाही," वहिनी म्हणाली. "पण मी रोज म्हाताऱ्या माणसांचे भाजलेले हात बांधते गं. तुला माहीत असेल तर तू सांग. मला ओळखायला लावू नकोस."

तेवढ्यात आत्या दारात आली. वहिनीने दोघींकडे बघितलं, किटली नळाखाली धरली, तिचा चर्र आवाज झाला, आणि ती बाहेर गेली.

आत्या कागदाच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. "काढलास?"

"हो."

"बरं केलंस." तिने भिंतीवर उरलेली चिकटपट्टी नखाने खरवडली. "मला आठवत नाही गं. हात गेला असेल लोण्याकडे. कागद वाचल्याचं आठवतंय. घातल्याचं नाही आठवत."

"मग मुद्दाम घातलं असं कशाला म्हणालीस?"

"विसरभोळी म्हणण्यापेक्षा दुष्ट म्हणू देत. दुष्ट बाईला कोणी घरातून हलवत नाही. घाबरतात."

"मी बोलायलाच नको होतं, आत्या."

"नकोच होतं," आत्या म्हणाली. तिने काही ते पुसून टाकलं नाही. ओट्याला टेकून ती बोलत राहिली. "गिळलास का घोट?"

"हो."

"सहा वर्षांनी?"

"हो."

आत्याने पदराने तोंड पुसलं. "मोडलं की गं तुझं. माझ्या हातून." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "तू डबा घेऊन यायचीस ना, तेव्हा मला आतल्या आत लाज वाटायची. पोर माझ्या घरात येते आणि बाहेरचं खाते. मला तुझं करता येत नव्हतं, विचारायचीही लाज. म्हणून मग मीपण रुसल्यासारखं करायची. म्हटलं एकदा तरी हिला माझ्या हातचं घालायचं. आणि हे असं."

खारूला तिच्याकडे बघवेना. बाहेर दादाचा आवाज चढला होता. मधला म्हणत होता, "एवढं काय त्यात, चमचाभर लोणी!" आणि दादा म्हणत होता, "लोण्याचा प्रश्नच नाहीये." मग त्याने हाक मारली. "आत्या, बाहेर ये. तिला सॉरी म्हण आणि संपव विषय. मग केक कापू."

"जाते," आत्या म्हणाली.

"नको. मी सांगते त्यांना की काही हरकत नाही."

"शब्द दिलायस तू," आत्या म्हणाली आणि चालू लागली.

टेबलाशी जाऊन ती आपल्या खुर्चीमागे उभी राहिली, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर. बेचाळीस वर्षं गल्ल्यामागे अशीच उभी राहायची. खारू दारातच थांबली.

"खारू," आत्याने सुरुवात केली. "आज मी तुझं..."

आणि ती थांबली. ओठ हलले, शब्द आला नाही. तिने दादाकडे बघितलं, मग वाडग्याकडे, मग परत खारूकडे. त्या नजरेत राग नव्हता, नाटक नव्हतं. माफी कशाची मागायची होती तेच तिच्या हातून निसटलं होतं. मधल्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. तो उजवा पाय खसकन मागे घेऊन सरळ बसला.

खारूने आयुष्यात बरेच क्षण शरमेत काढले होते, पण असा नव्हता. एक म्हातारी बाई न केलेल्या गुन्ह्याची माफी मागायला उभी होती, आणि तो गुन्हाही विसरली होती. आणि तिला तिथे उभं केलं होतं खारूनेच.

"तिने मुद्दाम नाही घातलं," खारू म्हणाली. तिने खिशातला कागद काढून दादासमोर ठेवला. "ती विसरते. दोन महिने झाले, मला माहीत आहे. बसथांब्यावरून मीच तिला आणलं. मी कोणाला सांगितलं नाही. आणि मला माहीत असूनही मी सगळ्यांसमोर तिला पकडलं, का, तर मधल्याचं तोंड बंद व्हावं म्हणून."

दादाने कागद वाचला. मग परत वाचला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दुकानात रोज सकाळी आत्याचा फोन येतो," तो म्हणाला. कोणाकडेही न बघता. "दूध आलं का? आलं, आत्या. ठेवते. पाच मिनिटांनी परत. चार-चार वेळा. पोरांना मी सांगून ठेवलंय, फोन मीच घेणार. तिला घरी चल म्हणतो तर का ते सांगता येत नव्हतं मला. तुम्हाला वाटलं असेल, याला वरच्या खोल्या हव्यात गोदामाला."

खारूला तसंच वाटलं होतं. मागच्या वर्षी तिने ते मधल्याला बोलूनही दाखवलं होतं. दोघांनीही माना खाली घातल्या.

आत्या खुर्चीवर बसली. बराच वेळ ती टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "मीच एकटी लपवत होते."

"मला नव्हतं," मधला म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान मुलासारखा आला. "मला कोणी काही सांगतच नाही."

"तुला सांगितलं असतं तर बसमधल्या कंडक्टरलाही कळलं असतं," आत्या म्हणाली. वहिनी फस्सकन हसली आणि लगेच डोळे पुसायला लागली.

खारू आत्याजवळ गेली, गुडघ्यांवर बसली. "मी येऊन राहते इथे. माझं दुकान इथून दोन बसवर आहे. रात्री मी असेन, दिवसा दादा खालीच असतो. तू कुठे जाऊ नकोस."

आत्याने तिच्याकडे बघितलं. आता तिची नजर स्वच्छ होती, तराजूचा काटा बघायची तशी. "नको," ती म्हणाली.

"का?"

"तू शरमेपोटी येशील. आज नाहीतर उद्या तुला माझा कंटाळा येईल, आणि त्याचीही तुला लाज वाटेल, मग माझ्याशी गोड गोड बोलशील. शरमेने आलेलं माणूस मला घरात नको. दादा मला रागारागाने नेईल, रोज भांडेल. ते चालेल मला." मग ती दादाला म्हणाली, "बुधवारी डॉक्टर. पुढल्या महिन्यात येईन तुझ्याकडे. खिडकीजवळची खोली हवी. आणि खारू, तुला मी एकच गोष्ट सांगितली होती."

"हो, आत्या."

"एकच."

 खारू खालमानेने बसून राहिली, आणि कोणीही तिला 'जाऊ दे गं' म्हटलं नाही. केक कापला. खारू सोडून सगळ्यांनी थोडा थोडा खाल्ला. दुपारी तीनला दादा दुकानात उतरला, वहिनी झोपायला घरी गेली, मधल्याला चारचा विद्यार्थी होता. जाताना त्याने खारूच्या डोक्यावर टपली मारली.

खारूने भांडी घासली. शेवटचं छोटं पातेलं तिने दोनदा घासलं. हात पुसून निघायला लागली तेव्हा आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"तू जेवलीस का गं?"

"हो."

"काय?"

 सकाळपासून तिच्या पोटात एक चमचा सूप होतं.

आत्याने टोपलीतून चार बटाटे काढले, सोलले, फोडी केल्या. तिचे हात भराभर चालले. हातांना सगळं आठवत होतं. पॅन ठेवला, आणि बाटली उचलून खारूच्या डोळ्यांसमोर धरली.

"वाच. मोठ्याने."

"तेल," खारू म्हणाली.

बटाटे परतत असताना आत्याने मान वळवली. "लोणी नाही ना घातलं मी?"

"नाही, आत्या. तेल."

मीठ टाकलं, मिरपूड टाकली, ताटलीत काढलं. खारू ओट्याशी उभी राहूनच खायला लागली. चटका बसला तरी थांबली नाही. पहिला घास तोंडात असतानाच आत्याने तिच्या कोपराला हात लावला. "यात लोणी तर नाही ना गं?"

खारूने घास गिळला आणि पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर दिलं.